तंबोरा घेऊन मुंबईला

बुधवार, रात्रीची गाडी

मिरजेहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या हातात तंबोरा असणे ही आमच्या गावात कोणी वळून पाहावे अशी गोष्ट नाही. सतारमेकर गल्लीत तयार होणारी वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या अशीच गाडीत बसून देशभर गेली आहेत आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु ज्याला तो तंबोरा महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या शयनयान डब्यातून रात्रभर सांभाळत न्यायचा असतो, त्याला मानांकनापेक्षा खालच्या बर्थची गरज अधिक असते. माझा बर्थ मधला होता. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो, नीट वाळला की माणसापेक्षा जास्त जगतो, पण वरून एक ट्रंक आदळली की संपतो. शेवटी लेकीकडे ठाण्याला निघालेल्या खालच्या बर्थवरच्या आजींनी वाद्य आपल्या पायथ्याशी आडवे ठेवू दिले आणि मी समोरच्या कोपऱ्यात बसून राहिलो. आजी झोपल्या, तंबोरा झोपला, मी जागा होतो. माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, बाकाखाली होती. तिला या प्रवासाची जुनी सवय आहे.

तंबोरा वहिनींचा. वहिनी म्हणजे आमच्या तबल्याची पत्नी. येथे एक खुलासा केला पाहिजे. १९८०च्या सुमारास आम्ही चौघे गिरगावातून निघणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होतो आणि त्याच्या चालकांना वादकांची नावे लक्षात ठेवण्याची कधी गरज वाटली नाही. “ए पेटी, पुढे सरक”, “ए तबला, चहा घेतलास का?” अशी त्यांची हाक असे. ती आम्ही एकमेकांसाठी उचलली आणि ती कायमची चिकटली. मी पेटी, तो तबला, बँकेत नोकरी करून संध्याकाळी येणारा तो व्हायोलिन आणि मंजिरी, खंजिरी, घुंगरू, रेसो-रेसो, चिपळ्या असा सारा संसार एका पत्र्याच्या पेटीत घेऊन फिरणारा तो साइड, म्हणजे साइड ऱ्हिदम. सत्तरी गाठलेल्या माणसाला साइड म्हणून हाक मारणे नव्या लोकांना विचित्र वाटते, परंतु त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्याचे खरे नाव वाचून आम्ही क्षणभर थबकलो होतो, हेही तितकेच खरे.

आमच्या स्वतःच्या पाच रचना होत्या. त्या ध्वनिमुद्रित करायच्या राहून गेल्या होत्या आणि त्या राहण्याला कारण मी होतो. वहिनींच्या भाच्याने अंधेरीत छोटासा स्टुडिओ थाटला आहे. त्याने चार शिफ्ट आम्हाला अर्ध्या दरात देऊ केल्या. वहिनींनी फोनवर एवढेच सांगितले की, तंबोरा तयार झाला असेल तर घेऊन या आणि निघण्यापूर्वी खाँसाहेबांच्या मजारीपाशी टेकवून आणा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची मजार आहे. तेथे नेऊन मी तो टेकवला आणि मगच स्टेशनवर आलो.

गुरुवार, पार्ले

दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जाण्यासाठी जो पूल ओलांडावा लागतो, त्यावर सकाळी आठ वाजता तंबोरा घेऊन चालणे हा अनुभव कोणी मुद्दाम घेऊ नये. गर्दीने मात्र मला सांभाळून घेतले. “अहो, वाद्य आहे, वाद्य आहे” असे मागचा कोणी तरी पुढच्याला सांगत होता आणि गवसणीत गुंडाळलेला तो साडेचार फुटांचा ऐवज माणसांच्या डोक्यांवरून तरंगत जावा तसा पलीकडे गेला.

तबला पार्ले पूर्वेला राहतो. पूर्वी स्टेशनातून बाहेर पडताच बिस्किटांचा खरपूस वास येई. तो कारखाना २०१६ साली बंद झाला, त्यामुळे आता पार्ले आले हे पाटी वाचूनच कळते. विमानांचा आवाज तेवढा वाढला आहे. दुपारी तालमीला बसलो तेव्हा दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जाई आणि तबला समेवर येण्याऐवजी विमान जाण्याची वाट पाहत थांबे.

वहिनींनी गवसणी काढून तंबोरा मांडीवर घेतला आणि तारा छेडताच त्यांचा चेहरा उतरला. जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तेथून निघणारा तो भरलेला गुंजारव, बंद पडली होती. मिरजेच्या कोरड्या हवेत घोडीवर बसवलेली ती सूक्ष्म वाट मुंबईच्या आषाढात एका रात्रीत फुगून बसली होती. कारागिराने मला बजावले होते की, आठ दिवस तिकडच्या हवेला सरावू द्या. पण आमच्यापाशी आठ दिवस नव्हते. वहिनींनी घोडी आणि तारा यांच्यामधला सुताचा धागा केसाएवढा मागे, पुन्हा पुढे असा तासभर सरकवला. व्हायोलिन आणि साइड संध्याकाळी आले तोवर खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ निघू लागला होता. हा गंधार कोणी लावलेला नसतो. खर्जाची तार चांगली लागली की तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात.

व्हायोलिनने माझ्याशी नीट नमस्कार-चमत्कार केले, प्रवास कसा झाला हे विचारले आणि गजाला राळ लावत बसला. साइडने मात्र मला मिठी मारताना खिशातली मंजिरी माझ्या बरगडीत रुतवली.

शुक्रवार, पहिली शिफ्ट

स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी शिफ्ट. भाच्याने, म्हणजे ध्वनिमुद्रकाने, सगळी तयारी आधीच करून ठेवली होती: तबल्यासाठी काचेची वेगळी खोली, व्हायोलिनसाठी पडद्यामागचा कोपरा, साइडसाठी बाहेरची मार्गिका आणि माझ्यासाठी मधला हॉल. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि त्यात टक-टक-टक असा क्लिक. “काका, तंबोरा मी नंतर अॅपवरून लावतो,” असे तो म्हणाला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तंबोरा गवसणीतून बाहेर काढला आणि त्या काचेच्या खोलीच्या दारात खुर्ची ओढून बसल्या.

मुलाचे चुकले असे मी म्हणणार नाही. तो ज्या पद्धतीत वाढला, तिच्यात प्रत्येक वादक वेगळ्या दिवशी येतो, आपला तुकडा वाजवतो, पैसे घेऊन जातो आणि गाण्यात आणखी कोण होते हे त्याला प्रसिद्ध झाल्यावर कळते. आम्ही मुंबईत आलो तेव्हा दुसरी पद्धत पुरती संपलेली नव्हती. ताडदेवचे फेमस, तेथीलच फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी सगळा ताफा एका वेळी बसे. पन्नास-साठ वादक, बूथमध्ये गायक, आणि शेवटच्या ओळीत कोणाचा एक सूर घसरला तर सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावे लागे. साइडला अशा ठिकाणी अनेकदा बोलावणे येई. तो सांगतो की, साडेचार मिनिटांच्या गाण्यात त्याला एकदाच त्रिकोण वाजवायचा होता आणि तो वाजवेपर्यंत त्याच्या तळहाताला पाणी सुटले होते, कारण आपल्या एका ठिणगीवर इतक्यांची दुपार अवलंबून आहे हे त्याला दिसत होते. पुढे अनेक ट्रॅकची यंत्रे आली, डबिंग आले आणि नव्वदीत ठेका यंत्रातून निघू लागल्यावर तबल्यासारख्या कित्येकांची रोजची कामे आटली. तबल्याने त्यानंतर शिकवण्यांवर घर चालवले, ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नाही.

तर शुक्रवारी आम्ही मिश्र खमाजातली सर्वांत सोपी रचना घेतली. क्लिकवर आम्ही चुकलो असे नाही. आम्ही बिनचूक वाजवले. तबला एकदाही पळाला नाही, मी एकदाही रेंगाळलो नाही. सात टेक झाले. ऐकायला बसलो तेव्हा खोलीत जी शांतता पसरली तिला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. साइड म्हणाला, “कारकुनांनी वाजवल्यासारखं वाटतंय.” निवृत्त बँक कर्मचारी असलेला व्हायोलिन त्यावर प्रथमच हसला.

शनिवार, दुसरी शिफ्ट

सकाळी आम्ही सतरंजी मागितली. हॉलमध्ये मधोमध ती अंथरून अर्धवर्तुळात बसलो: मध्ये वहिनी, त्यांच्या उजव्या हाताला व्हायोलिन, डाव्या हाताला मी, समोर तबला आणि तबल्याच्या बाजूला आपली पत्र्याची पेटी उघडून साइड. क्लिक नाही, हेडफोन नाही.

भाचा काळजीत पडला आणि त्याची काळजी रास्त होती. एका खोलीत वाजवले की प्रत्येक वाद्य दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरते. व्हायोलिनच्या माईकमध्ये तबला, तबल्याच्या माईकमध्ये पेटी. मग एकाने चूक केली तर तेवढीच पुसून काढता येत नाही, कारण ती चूक सगळ्यांच्या ट्रॅकमध्ये थोडी थोडी सांडलेली असते. हे त्याने आम्हाला समजावून सांगितले आणि मग, आम्ही हटत नाही असे पाहून, तो कामाला लागला. त्याची ती दुपार पाहण्यासारखी होती. त्याच्याकडे असे माईक होते जे समोरून आणि मागून ऐकतात, पण दोन्ही बाजूंनी जवळजवळ बहिरे असतात; त्यांच्या ऐकण्याचा नकाशा आठाच्या इंग्रजी आकड्यासारखा असतो. व्हायोलिनचा माईक त्याने असा वळवला की तबला त्याच्या बहिऱ्या बाजूला आला. माईक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माईक असावा, हा नियम धरून त्याने टेपने सतरंजीवर खुणा केल्या. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून तबला माझ्यापासून दोन मीटरपेक्षा दूर नको, असेही तो म्हणाला. हे गणित ऐकून तबला हरखला. “म्हणजे आम्ही जवळ का बसायचो याला कारण होतं तर,” तो म्हणाला. आम्ही जवळ बसत होतो ते खोली लहान होती म्हणून, हे मी त्याला सांगितले नाही.

मग पेटीचा प्रश्न निघाला. वहिनींनी आदल्या रात्रीच सांगितले होते की, यमनमध्ये माझा गंधार टोचतो. माझी पेटी जुनी आहे, आत जर्मन सूर आहेत. पेटीवाले रीडला सूरच म्हणतात. भाच्याने पडद्यावर मोजून दाखवले. सप्तकाचे बाराशे सेंट धरले तर सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर लावलेल्या पेटीचा गंधार षड्जापासून चारशे सेंटवर असतो आणि तंबोऱ्यातून उमटणारा तो स्वयंभू गंधार साधारण तीनशे शहाऐंशीवर. चौदा सेंटचा फरक. सूर मुळाशी घासला की उतरतो आणि टोकाशी घासला की चढतो. त्यामुळे गंधाराचा सूर मुळाशी घासून उतरवता आला असता, पण मग बाकीच्या चार रचनांत, जेथे षड्ज बदलतो, तो बेसूर झाला असता. “रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती काही उगाच नाही,” व्हायोलिन म्हणाला. आपल्याकडे येऊन शंभराहून अधिक वर्षे झालेल्या, १८४२ सालच्या पॅरिसमधल्या पेटंटातून निघालेल्या या वाद्यावर ऑल इंडिया रेडिओने खरोखरच बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला तीस वर्षे लागली. एरवी मी या विषयावर तासभर भांडतो. त्या दिवशी म्हटले, “मग यमनमध्ये गंधारावर तू थांब. मी तेथे थांबणार नाही, नुसता स्पर्श करून पुढे जाईन.” व्हायोलिनने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि हे ठरून गेले.

त्या दिवशी मिश्र खमाज पुन्हा घेतला आणि पिलूतला दादराही झाला. दोन्ही दुसऱ्या टेकला. पिलूत साइडच्या हातून चिपळी निसटून सतरंजीवर पडली. तो आवाज समेवर आला म्हणून तसाच ठेवला.

रविवार, गिरगाव

स्टुडिओ रविवारी दुसऱ्यांना दिलेला होता. व्हायोलिन डोंबिवलीला घरी थांबला, तबल्याच्या शिकवण्या होत्या. म्हणून साइड आणि मी गिरगावात गेलो. साइडचे घर आता विरारला आहे. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, त्यात परत येणे त्याला परवडले नाही. ही कथा गिरगावातल्या प्रत्येक तिसऱ्या घराची असल्याने तो ती अर्ध्या वाक्यात संपवतो.

ऑपेरा हाउसपासून चालायला सुरुवात केली. ती वास्तू अनेक वर्षे बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडली आहे आणि चांगली दुरुस्त झाली आहे. जवळच फ्रेंच ब्रिजपाशी प्रोफेसर देवधरांची संगीत शाळा. ती १९२५ साली निघाली आणि कुमार गंधर्व तेथेच शिकले. लक्ष्मी-बागेच्या दारात आम्ही थोडे थांबलो. गणेशोत्सवात गिरगावातल्या रस्त्यांवर रात्र-रात्र मैफली होत, हे आम्ही अगदी शेवटच्या काळात पाहिले. रस्त्यावर सतरंज्या, गॅलऱ्यांत बायका आणि मुले, आणि पहाटे भैरवी. दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम २००० साली आला तो आवश्यक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु उत्तररात्रीचे राग त्यानंतर लोकांच्या कानांवरून गेले ते गेलेच, हेही नोंदवले पाहिजे. हल्ली दरबारी संध्याकाळी साडेसातला ऐकावा लागतो.

आमची चाळ जेथे होती त्या गल्लीत शिरल्यावर मला दिशा कळेना. रस्त्याच्या पोटातून आता भुयारी मेट्रो जाते आणि वर पत्रे, खांब, नवी फरशी असे काहीबाही आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघांनी पाच रचना बसवल्या होत्या. शेजारच्या जोशीकाकूंना आमच्या तालमीची वेळ पाठ असे, कारण तेव्हा त्यांना आपला रेडिओ ऐकू येत नसे.

मिसळ मागवली तेव्हा साइडने विषय काढला. “त्याला अजून वाटतं रे.” मला ठाऊक होते.

१९८७ साली कॅसेटचा जमाना होता. दोन शिफ्टचे पैसे जमवून आम्ही एक स्टुडिओ ठरवला होता. आगाऊ रक्कम व्हायोलिनने आपल्या पगारातून भरली, कारण नियमित पगार त्याचाच होता. रेकॉर्डिंग सोमवारी होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी मला सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेचे संगीत शिक्षकपदाचे पत्र आले. हजर व्हायचे होते तेही सोमवारी. मी शाळेला तार करून दोन दिवस मागू शकलो असतो. नोकरी जाईल या भीतीने मागितले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, व्हायोलिनला समोर जाऊन सांगण्याची हिंमत मला झाली नाही. शनिवारी रात्री साइडच्या हातात चिठ्ठी देऊन मी याच महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून गेलो. आगाऊ रक्कम बुडाली. पहिल्या पगारातून मी त्याला मनीऑर्डर केली, ती “घेण्यास नकार” असा शेरा होऊन परत आली. पुढे लग्नकार्यांत भेटी झाल्या, बोलणे झाले, सगळे झाले; पण त्याने त्यानंतर वीस वर्षे व्हायोलिनला हात लावला नाही. “तुझ्यामुळे नव्हे,” असे तो एकदा म्हणाला होता, आणि माझ्या मते ते खरेही असावे, कारण बँकेत बढती झाली होती आणि बदल्या सुरू झाल्या होत्या. तरीही ते वाक्य त्याने आपण होऊन उच्चारले होते.

साइड म्हणाला, “तू एकदा सॉरी म्हणून टाक ना.” मी म्हटले, “सदतीस-अडतीस वर्षांनी?” तो म्हणाला, “मग काय, चाळिशी साजरी करणार का?” यावर उत्तर नव्हते. पाव संपले होते, आणखी मागवले.

सोमवार, पाऊस

पहाटेपासून धो धो. दहा वाजता आम्ही तिघे आणि वहिनी स्टुडिओत होतो आणि व्हायोलिनचा फोन लागत नव्हता. रुळांवर पाणी आले होते, गाड्या थांबल्या होत्या. तबल्याने हातोडीने गठ्ठे ठोकून ठोकून तबला वर आणला, पुन्हा तो उतरला, पुन्हा आणला. ओल्या हवेत चामडे सैल पडते आणि वातानुकूलित खोलीत ते सुकून चढते, त्यामुळे दार उघडले की त्याचा सूर बदलत होता. शेवटी भाच्याने दाराला आतून कडी घातली.

शिफ्टचे पैसे घड्याळाबरोबर जात होते. एकदा तबल्याने विचारले, “आपण तोवर आपले तुकडे वाजवून ठेवायचे का? तो नंतर डब करील.” कोणीही उत्तर दिले नाही आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही.

पावणेचार वाजता दार वाजले. व्हायोलिन कमरेपर्यंत भिजलेला होता आणि वाद्याची पेटी त्याने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून डोक्यावर धरली होती. कुठल्याशा दोन स्थानकांच्या मध्ये गाडी तासन्‌तास उभी राहिल्यावर तो इतरांबरोबर रुळांवर उतरून चालत घाटकोपरला पोहोचला होता आणि तेथून मेट्रोने अंधेरीला. भाच्याने त्याला आपली सुकी पँट दिली, ती आखूड झाली. वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला. तो म्हणाला, “फोन पाण्यात गेला. येणार नाही असं वाटलं असेल तुम्हाला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी येतो.”

दोन तासांत भीमपलास एकच झाला. तो चांगला झाला, पण त्याबद्दल मला फारसे आठवत नाही.

मंगळवार, शेवटची शिफ्ट

यमन, झपताल. आमच्या पाच रचनांत ही सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड, कारण तिच्यात करण्यासारखे फार काही नाही. दहा मात्रांचा संथ ठेका, दोन-तीन-दोन-तीन. व्हायोलिन मंद्र निषादापासून चढत गंधारावर येतो आणि तेथे अर्धे आवर्तन थांबतो. मी पुढच्या समेला तीव्र मध्यमाने प्रवेश करतो. एवढेच.

पहिले दोन टेक भात्याच्या आवाजाने गेले. संथ लयीत पेटीचा श्वास ऐकू येतो. तिसऱ्याला मी डाव्या हाताने भाता जवळजवळ थोपवूनच धरला. व्हायोलिन गंधारावर आला. आणि तेव्हा तंबोऱ्याचा गंधार आणि त्याचा गंधार इतके एकात एक गेले की दोन वाद्ये आहेत हे कळेना. सरावलेला तो तंबोरा पाच दिवसांत पहिल्यांदाच पुरता उघडला होता. मी ऐकत राहिलो. सम आली. तबल्याने ती स्वच्छ दाखवली. मी आलो नाही. मला वाजवायचे आहे हेच मी विसरलो होतो.

व्हायोलिनने गज उचलला नाही. तो गंधारावरच राहिला, गज परतवला, पुन्हा गंधार. तबल्याने ठेका हलवला नाही, साइडने मंजिरीची एक कड तेवढी लावली. आणि पुढच्या आवर्तनाच्या नवव्या मात्रेला, मान न वळवता, ओठांतल्या ओठांत व्हायोलिन म्हणाला, “ये रे.”

मी गेलो.

टेक संपल्यावर मी माफी मागितली आणि पुन्हा घेऊ म्हणालो. व्हायोलिनही म्हणाला की तो बोलला आहे, ते आलेच असेल, पुन्हा घेऊ. भाच्याने ऐकवले. ते आले होते. व्हायोलिनच्या माईकमध्ये स्पष्ट, वहिनींच्या माईकमध्ये त्याहून थोडे अंधुक, माझ्या दोन्ही माईकमध्ये, तबल्याच्या दोन्ही माईकमध्ये, साइडच्या माईकमध्येसुद्धा. “ते काढ रे,” व्हायोलिन म्हणाला. “काका, नाही निघणार,” भाचा म्हणाला, “मी शुक्रवारीच सांगत होतो.” खरे तर त्याने ते शनिवारी सांगितले होते.

चौथा टेक घेतला. त्यात मी वेळेवर आलो. दोन्ही लागोपाठ ऐकले. मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले, कारण पाचही दिवस असेच चालले होते: आम्ही चर्चा करायचो आणि त्या ठरवायच्या. त्यांनी तंबोऱ्याच्या खर्जाचा मणी किंचित सरकवला, तार एकदा छेडली आणि म्हणाल्या, “तिसरा.” व्हायोलिनने हरकत घेतली नाही. तो गजाला राळ लावत बसला होता.

भैरवी त्यानंतर पाऊण तासात आटोपली.

बुधवार, परत

तंबोरा पार्ल्यातच राहिला, त्यामुळे दादरच्या पुलावर मला कोणी वाट दिली नाही. साइड आणि व्हायोलिन पोहोचवायला आले होते. साइडने वडापाव आणले. व्हायोलिनने पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या खिशात घातला आणि गाडी हलल्यावर वाच म्हणाला. ती १९८७ सालची, शाई फिकी पडलेली स्टुडिओच्या आगाऊ रकमेची पावती होती. मागे पेन्सिलीने नवा हिशेब होता: चार शिफ्ट, अर्धा दर, पाच जणांत वाटून प्रत्येकी किती, आणि माझ्या नावापुढे, म्हणजे “पेटी” या शब्दापुढे, जुनी रक्कम वेगळी धरून तिची बेरीज केलेली. ठाणे येण्याआधी मी ती पाठवून दिली. कल्याणला गाडी थांबली तेव्हा पैसे मिळाल्याचा संदेश आला.

मिक्सिंग अजून चालू आहे. यमनच्या रचनेत चार मिनिटे बारा सेकंदांनंतर कान दिला तर ते ऐकू येते. माझा मध्यम त्यानंतर एका मात्रेने येतो.